आधी खोली, मग वाण
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितले, प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल बोलावे. माझे काम सॉफ्टवेअरचे. त्यावर बोलले तर जेवणाआधीच निम्मे जण झोपतील. म्हणून गेली चार वर्षे सुट्टीच्या दिवशी जे करते, त्यावर बोलते : अळिंबीची, म्हणजे मशरूमची लागवड. त्याला कारणही आहे. काल रात्री गप्पांमध्ये आपल्यातला एक मित्र म्हणाला, नोकरी सोडतोय, दहा लाखांचे कर्ज काढून मशरूमची शेड टाकतोय. कोणते वाण लावणार, असे विचारले तर म्हणाला, "बटण. बाजारात तेच चालतं." मित्रा, पुढचे सगळे तुझ्यासाठी आहे.

माझी सुरुवातही अशाच उत्साहात झाली. भोर तालुक्यात आमचे घर. भाताचा पेंढा घरचा, परसात एक खोली रिकामी. वहिनीने बचत गटातून १५,००० रुपये उचलले आणि पुण्यात बसून माहिती गोळा करण्याचे काम मी घेतले. महिना एप्रिल. पांढऱ्या धिंगरीचे, म्हणजे फ्लोरिडाचे स्पॉन मी घरबसल्या मागवले. भर उन्हाळ्यात चार दिवस प्रवास करून ते पोहोचले. आम्ही ६० पिशव्या भरल्या. दहाव्या दिवशी हिरवी बुरशी दिसली आणि पंधराव्या दिवशी सगळ्या पिशव्या उकिरड्यावर गेल्या. वहिनी एवढेच म्हणाली, "ताई, स्पॉन उघडलं तेव्हाच आंबूस वास आला होता. तुम्ही शिकलेल्या, म्हणून मी बोलले नाही."

कर्जाचे हप्ते मी भरले. ते वाक्य मात्र अजून मनातून गेलेले नाही.

बाई, तुम्ही नववीत ओलसर भाकरीचा तुकडा झाकून ठेवायला लावला होता, आठवते? चार दिवसांत त्यावर काळी बुरशी आली होती. माझी चूक त्या प्रयोगातच होती. स्पॉनला आपण अळिंबीचे बियाणे म्हणतो, पण ते बी नव्हे. ज्वारी किंवा गहू अर्धवट शिजवून निथळतात. दाणे चिकटू नयेत आणि आंबटपणा वाढू नये म्हणून त्यात जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. मग वाफेच्या दाबाखाली, १२१ अंशांवर निर्जंतुक करून त्यात शुद्ध कल्चर सोडतात. दोन-तीन आठवड्यांत पांढरे तंतू सगळे दाणे व्यापतात. पण शिजवलेली ज्वारी अळिंबीला आवडते, तशी प्रत्येक बुरशीला आवडते. दाण्यावर ताबा कोणाचा, हे पिशवी भरण्याआधीच पाहावे लागते.

म्हणून आता स्पॉन घेताना मी चार गोष्टी पाहते. तयार केल्याची तारीख : महिन्याच्या आतले असेल तरच घेते. रंग : सगळीकडे पांढरा, हिरवा, काळा ठिपका दिसला की परत. तळ : पिवळसर पाणी साचलेले नको. आणि वास : ताज्या अळिंबीसारखा हवा, आंबूस अजिबात नको. वासाची परीक्षा वहिनीच करते. शक्यतो कृषी महाविद्यालयातून किंवा जाऊन पाहता येईल अशा प्रयोगशाळेतून, सकाळच्या गारव्यात स्पॉन आणतो. एका पिशवीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी घरी वाढवत नाही. त्यात जोम घटतो आणि संसर्ग वाढतो.

आता वाण. पहिला प्रश्न बाजाराचा नाही, खोलीचा आहे. बटण अळिंबीला फळ धरताना १४ ते १८ अंश तापमान लागते. आपल्या हवेत म्हणजे वर्षातला बहुतेक काळ वातानुकूलन आणि त्याचे वीजबिल. शिवाय तिला साधा पेंढा चालत नाही, कंपोस्ट लागते. लांब पद्धतीने ते करायला सुमारे चार आठवडे जातात. करड्या धिंगरीला, म्हणजे साजोर-काजूला, २० ते २८ अंश चालतात. आमच्याकडे पावसाळ्यात खोलीत आपोआपच तेवढे असतात. फ्लोरिडा आम्ही आता थंडीत घेतो. उन्हाळ्यात दुधी अळिंबी : तिला ३० ते ३५ अंशच मानवतात, मात्र वर मातीचा थर द्यावा लागतो. गुलाबी धिंगरीही उष्णता सोसते, पण शिजली की रंग जातो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. आणि गुलाबी व दुधी यांचे स्पॉन फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने ते खराब होते.

दुसऱ्या वेळी जुलैमध्ये आम्ही फक्त दहा पिशव्या भरल्या. पिशवीला एक किलो कोरडा पेंढा. तो रात्रभर भिजवून, ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवून, मुठीत दाबला तर थेंब पडणार नाही इतका निथळवला. पिशवीमागे साधारण १०० ग्रॅम स्पॉन, म्हणजे दहा पिशव्यांना एक किलो. विसाव्या दिवशी पिशव्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. तीन तोडण्या मिळून पिशवीला सरासरी ६०० ग्रॅम निघाली. पहिली पाटी वहिनीने भोरच्या बाजारात नेली. श्रावणात रानातली अळिंबी खाणारी माणसे ती. त्यांना चव सांगावी लागली नाही. उरलेली वाळवली : दहा किलोची जेमतेम एक किलो होते, पण टिकते. एक काळजी मात्र घ्या. धिंगरीची कड वर वळण्याआधी तोडा आणि खोलीत तोंडाला फडके बांधा. तिच्या बीजाणूंनी काहींना खोकला आणि दम्याचा त्रास होतो.

आज वहिनीकडे १५० पिशव्या आहेत. कोणत्या महिन्यात काय लावायचे ते ती ठरवते, हिशेब मी ठेवते. खोलीत काही चुकतेय असे वाटले तर आता ती गप्प बसत नाही.

तेव्हा मित्रा, शेड नंतर. आधी एक थर्मामीटर घे, घरातल्या एका खोलीचे तापमान महिनाभर सकाळ-दुपार लिहून ठेव. मग त्या आकड्यांना मानवेल ते वाण निवड आणि दहा पिशव्या भर. पहिले एक किलो स्पॉन वहिनी स्वतः वास घेऊन देईल, पैसे माझे. त्या दहा पिशव्यांची तिसरी तोडणी होईपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नकोस.