रक्त आपलं, पैसाही आपला

(वसईच्या होळी भागातल्या महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण)



विषय ऐकून मागे दोघी-तिघी हसल्या. हसा. एम.एस.डब्ल्यू. करताना मी स्त्री-आरोग्याचे पेपर लिहिले, पण ‘खोकलं की लघवी सुटते’ हे वाक्य तोंडातून निघालं ते माझ्या बाळंतपणानंतर. तेही घरात नाही, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंपाशी.

आपल्यातल्याच एका मावशींची गोष्ट त्यांना विचारून सांगते. त्या बाजारात टोपली घेऊन बसतात. टोपली उचलताना, शिंकताना लघवी सुटते. अकरा वर्षं कपड्याची घडी लावून बसताहेत, दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यांच्या सुनेनं मोबाइलवर जाहिरात दाखवली : आपल्याच रक्ताचं इंजेक्शन, ऑपरेशन नको. मावशी पाटली गहाण ठेवायला निघाल्या होत्या. वाटेत मला विचारलं, “घेऊ का गं?”

या उपचाराला पीआरपी म्हणतात. दंडातून रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, जास्त असलेला भाग वेगळा होतो. तो योनीच्या पुढच्या भिंतीत, मूत्रमार्गाजवळ टोचतात. प्लेटलेटमध्ये जखम भरून काढणारी द्रव्यं असतात, त्यांनी सैल पडलेली जागा सुधारेल ही आशा. काही बायकांना फरक पडल्याचं अभ्यास सांगतात, पण ते अभ्यास लहान आहेत आणि बायकांवर फार काळ लक्ष ठेवून केलेले नाहीत. म्हणून नेहमीच्या उपचारांत याला अजून जागा नाही. रक्त आपलंच म्हणून गुण येणारच, असं नसतं.

आता बिनपैशाचा उपचार ऐका. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली तो मांडला. वारा अडवताना जे स्नायू आवळतो, तेच आत-वर ओढायचे, थोडं धरायचं, सोडायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३दा, निदान ३ महिने. लघवी करताना मात्र करायचं नाही. २०१८ साली १४ देशांतल्या १,८१७ बायकांवरचे ३१ अभ्यास एकत्र तपासले गेले. जोर पडल्यावर लघवी सुटणाऱ्या बायकांत व्यायाम केलेल्या शंभरातल्या ५६ जणी बऱ्या झाल्याचं म्हणाल्या, न केलेल्यांत ६. याची जाहिरात कोण करणार? यात विकायला काही नाही!

अचानक घाई होऊन सुटत असेल तर प्रकार वेगळा, उपचारही वेगळा. जळजळ, ताप, लघवीत रक्त असेल तर आधी तपासणी. बाळंतपणानंतर रात्रंदिवस गळत असेल तर व्यायामाची वाट पाहू नका, आत छिद्र पडलेलं असू शकतं, त्याला बहुधा शस्त्रक्रिया लागते. आणि पाणी तोडू नका, लघवी घट्ट होऊन आणखी त्रास होतो.

तरीही कुणाला इंजेक्शन घ्यायचंच असेल तर तो तिचा हक्क. फक्त विचारा : मला नेमका कुठला प्रकार आहे? व्यायाम आधी का नाही? किती वेळा टोचणार, एकूण खर्च किती? गुण नाही आला तर पुढे काय? आणि हे सगळं लिहून मागा. डॉक्टर चिडले तर उठून या.

मला राग जाहिरातीपेक्षा त्या अकरा वर्षांचा येतो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तो अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८. आपण अंगावर काढतो, घरातली बाईच म्हणते ‘चालायचंच’, आणि मग पहिल्यांदा कुणी आपुलकीनं विचारतं ती जाहिरात असते.

मावशींनी चार महिने व्यायाम केला. भरलेली टोपली उचलताना अजून कधी थेंब जातो. पण हल्ली बाजारात पाण्याची बाटली घेऊन बसतात.

पुढच्या गुरुवारी व्यायाम शिकवायला त्या बाई इथे येताहेत. सतरंज्या कमी आहेत, आपापली आणा. सुनांनाही आणा.