अनेक घरांचें भाडें आणि प्राप्तिकराचें पत्रक

भाड्याचें उत्पन्न म्हणजे हातीं पडलेलें भाडें, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही दृढ आहे. प्राप्तिकराचा कायदा मात्र पैशाआधीं घराकडे पाहतो.

समजा, पुण्यांत एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते राहतात तें घर स्वतःचें. साताऱ्याचा जुना वाडा कुलुपांत. डोंबिवलीची जागा मुलगा परत येईल म्हणून रिकामी. आणि नाशिकचा फ्लॅट भाड्यानें दिलेला. पत्रकांत दाखवावयाचें तें नाशिकचेंच, असें ते धरून चालतात. तेथेंच चूक होते. स्वतःसाठीं राखलेलीं म्हणून दोनच घरें शून्य मूल्यानें दाखवितां येतात. पूर्वीं ही सवलत एकाच घराला असे. दोन झालीं तीं २०१९-२० या आर्थिक वर्षापासून. तिसरें घर भाडेकरू नसतांही भाड्यानें दिलेलें समजतात आणि त्याला रास्त भाडें किती आलें असतें, त्यावर कर बसतो. रिकाम्या भिंतींवर कर, हें कानाला खटकतें खरें. पण जागेसाठीं वणवण करणाऱ्याला तें तितकें खटकणार नाहीं.

हिशेब प्रत्येक घराचा निराळा. नाशिकचें भाडें दरमहा १५,०००, म्हणजे वर्षाचे १,८०,००० रुपये. मालकानें त्या वर्षांत प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी १०,००० वजा जातां १,७०,००० उरले. त्यांतून शेंकडा तीस, म्हणजे ५१,००० रुपये, कायदाच सोडतो, राहिले १,१९,०००. कर्ज काढून घर घेतलें असल्यास त्याचें व्याजही वजा होतें. रंगकाम, नळदुरुस्ती, विमा यांच्या पावत्या मात्र पिशवीभर आणल्या तरी व्यर्थ. तो सारा खर्च त्या शेंकडा तिसांतच आला. १९६१ च्या कायद्याची ही रीत २०२५ च्या कायद्यानेंही कायम ठेविली आहे.

पतीनें मोबदला न घेतां पत्नीच्या नांवें केलेलें घर करापुरतें पतीचेंच राहतें, मग भाडें कोणाच्याही खात्यांत जमा होवो. आणि भाडें रोख घेतलें म्हणजे कळत नाहीं, हाही भ्रमच. वर्षाचें भाडें लाखावर असेल, तर नोकरदार भाडेकरू घरभाडेभत्त्याची सूट मागतांना मालकाचा पॅन क्रमांक आपल्या कचेरींत देतो.

शून्य मूल्याचीं दोन घरें कोणतीं, हें मालकानें ठरवावयाचें. मायेपोटीं हे गृहस्थ साताऱ्याचा वाडा आधीं आपला म्हणतील. पण वाड्याला भाडें थोडें येणार, डोंबिवलीच्या जागेला पुष्कळ. तेव्हां डोंबिवली स्वतःसाठीं ठेवून वाडाच तिसरें घर म्हणून मांडणें त्यांच्या फायद्याचें. आणि त्यासाठीं वाड्याचें कुलूप काढावें लागत नाहीं.