कुडिमरामतीचा धडा



या सभेचा अध्यक्ष म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, आपल्या मराठी पूर्वजांच्या पराक्रमाची आरती ओवाळण्यासाठी मी येथे उभा नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दप्तरे तो अभिमान सांभाळण्यास समर्थ आहेत. माझा वाद आहे तो, जेथे नाना भाषांचे आणि नाना मुलखांचे लोक येऊन वसतात तेथे सामायिक तळ्याचा गाळ कोणीच काढीत नाही, या सुशिक्षितांच्या बैठकींत आज प्रतिष्ठा पावलेल्या मताशी.

हे मत तंजावरात उच्चारणे हे मी धार्ष्ट्य समजतो. तेलुगु नायक आले, त्यांच्यामागून व्यंकोजीराजांबरोबर आपण मराठे आलो, सौराष्ट्री विणकर आले; आणि कल्लणै धरणापासून फुटणाऱ्या कावेरीच्या फाट्यांवर पिकलेल्या भातानेच या सर्वांची पोटे भरली. त्या फाट्यांचा आणि तळ्यांचा गाळ गावाने मिळून काढण्याच्या वहिवाटीला येथे 'कुडिमरामत' म्हणतात. 'कुडि' हा तमिळ शब्द, अर्थ रयत. 'मरामत' हा अरबी शब्द, फारसी दप्तरातून आलेला, आपल्या जुन्या कागदपत्रांतही रुळलेला. ज्या कामाचे नावच भूमिपुत्र आणि आगंतुक अशा दोन शब्दांच्या संधीने सिद्ध झाले, ते काम आगंतुकांमुळे बुडाले, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

ही वहिवाट खिळखिळी झाली ती पाण्यावरचा अधिकार गावाच्या चावडीतून उठून दूरच्या कचेरीत जाऊन बसला आणि फावडे मात्र रयतेच्याच खांद्यावर राहिले तेव्हा. म्हणूनच, जे काम पिढ्यान्पिढ्या रिवाजाने होत आले त्याच्यासाठी मद्रास इलाख्यात १८५८ साली सक्तीचा कायदा लागू करावा लागला.

तथापि जुना काळ निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. गाळ उपसणारे हात पण्णैयाळांचे, म्हणजे मालकाशी बांधलेल्या शेतमजुरांचे, होते आणि पाणी कोणाच्या शेतात प्रथम जावयाचे हे सांगणारी जीभ जमीनमालक मिरासदाराची होती. त्या अन्यायाची परिसीमा याच जिल्ह्याच्या तत्कालीन पूर्वभागात, किळवेण्मणी येथे, २५ डिसेंबर १९६८ रोजी झाली. तेथे ४४ दलित स्त्रीपुरुष आणि मुले जिवंत जाळली गेली. तंटा भाषेचा नव्हता. तो भाताच्या वाढीव मजुरीचा होता, आणि बाहेरगावचे मजूर आणले गेले ते स्थानिक मजुरांची मागणी मोडण्यासाठी. परका मनुष्य सहकार्याचा शत्रू नसतो. त्याच्या गरजेचे हत्यार करून शेजाऱ्यावर उगारणारी मालकी ही खरी शत्रू होय.

आज याच शेतांत भातलावणीला बंगालचे मजूर उतरतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून 'बाहेरचे' हा शब्द आपल्यापैकीही काहीजण उच्चारतात! साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आलेल्यांच्या वंशजांनी आगगाडीतून आलेल्याला परका म्हणावे, यासारखी कृतघ्नता नाही. म्हणून माझे निक्षून सांगणे आहे की, तळ्याच्या सभेत वंशावळ विचारू नका. गाळ कोण काढतो ते विचारा, आणि ज्या दिवशी त्याच्या हाती फावडे द्याल त्याच दिवशी त्याला पाण्याच्या वाटणीत मतही द्या.