बंद बैठक आणि उघडी नोटीस

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा पाठ)



कार्यकारिणीने मला नेहमीप्रमाणे 'आरोग्य' या विषयावर बोलावयास सांगितले होते. मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी मी गेली कित्येक वर्षे याच व्यासपीठावरून आपणांस भीती घालीत आलो आहे, आणि आपल्या भोजनाच्या बेतावर त्याचा काडीमात्र परिणाम झालेला नाही. म्हणून यंदा विषय बदलण्याची परवानगी मी मागून घेतली. आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली आता विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून संशोधन करीत आहेत. 'ग्रँट' हा शब्द त्यांच्या आईवडिलांच्या कानी रोज पडतो. ग्रँट मिळाली की घरी पेढे येतात. नाकारली गेली की मुलगा आठवडाभर फोन उचलत नाही. ही ग्रँट कोण देते, ते कोठे बसून ठरते, आणि त्या बैठकीचे दार बंद का असते, हे आज सांगावे असे योजिले आहे.

या देशात वैद्यकीय संशोधनाला सर्वांत मोठे साहाय्य देणारी सरकारी संस्था म्हणजे मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, अर्थात एन.आय.एच. तिच्या छत्राखाली २७ संस्था व केंद्रे आहेत. २०२४ साली तिचा खर्च ४७ अब्ज डॉलरांच्या आसपास होता आणि त्यातील फार मोठा वाटा देशभरातील विद्यापीठांना व रुग्णालयांना संशोधनासाठी जातो. पैसा जनतेच्या करांतून येतो. तो वाटण्याचा विचार मात्र बंद खोलीत होतो. आपल्यासारख्या, बंद खोल्यांचा पिढीजात अनुभव असलेल्या माणसांच्या मनात येथेच शंका उभी राहते, आणि ती राहावयासच हवी.

१९७२ साली या देशाच्या काँग्रेसने सल्लागार समित्यांविषयी एक कायदा केला. सरकारला सल्ला देणाऱ्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या असाव्यात, हे त्याचे मुख्य सूत्र. १९७६ साली दुसरा कायदा आला. त्याचे नावच मुळी 'सनशाइन', म्हणजे सूर्यप्रकाशाचा, कायदा. बैठक बंद ठेवण्यास त्याने दहा अपवाद मान्य केले. त्यांपैकी चौथ्या आणि सहाव्या अपवादांचा आधार घेऊन संशोधन-अर्जांच्या छाननीच्या बैठका बंद ठेवल्या जातात. चौथा अपवाद व्यापारी गुपितांचा आहे: अर्जात पेटंट घेण्याजोगी कल्पना असू शकते, ती फुटता कामा नये. सहावा व्यक्तीच्या खाजगीपणाचा: एखाद्या संशोधकाच्या कुवतीविषयी समितीत जे बोलले जाते, ते चव्हाट्यावर येऊ नये. विचार केला तर दोन्ही कारणे वाजवी आहेत. आपल्याच मुलीची नवी कल्पना अर्ज फेटाळला गेल्यावर दुसऱ्या कोणी उचलली, तर आपणांस चालेल काय?

तथापि या व्यवस्थेत एक मौज आहे. बैठक बंद असली तरी तिची नोटीस उघडी असावी लागते. समितीचे नाव, तारीख, वेळ, ठिकाण, आणि बंद ठेवण्याचे कायदेशीर कारण हे सर्व 'फेडरल रजिस्टर' या केंद्र सरकारच्या राजपत्रात बैठकीच्या किमान पंधरा दिवस आधी छापले गेले पाहिजे. ही नोटीस वाचावयास अत्यंत कंटाळवाणी असते. एकीचा मजकूर दुसरीत जसाच्या तसा. मला मात्र ती वाचण्याचा छंद आहे, आणि माझ्या पत्नीच्या मते हा छंद तपासून घेण्यासारखा आहे. पण तिचे मोल २०२५ च्या जानेवारीत सर्वांना कळले. नव्या प्रशासनाने आरोग्य खात्याच्या बाह्य संपर्कावर स्थगिती आणली. राजपत्राकडे नोटिसा जाईनाशा झाल्या, आणि नोटीस नाही म्हणून बैठकही भरेना. फेब्रुवारीच्या अखेरीस नोटिसा पुन्हा टप्प्याटप्प्याने निघू लागल्या, तोपर्यंत असंख्य अर्ज जागच्या जागी पडून राहिले. पुढे ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने असेही ठरविले की तज्ज्ञांची शिफारस ही केवळ सल्ला मानावी आणि अनुदानांवर राजकीय नियुक्तीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची नजर असावी. दाराआड बसलेल्या तज्ज्ञांवर आपण शंका घेत होतो. आता त्यांच्या पलीकडे आणखी एक दार आले.

आत काय चालते, ते आता पाहू. पहिली छाननी करणाऱ्या समितीला 'स्टडी सेक्शन' म्हणतात. तीत वीस-पंचवीस तज्ज्ञ असतात, तेही सरकारी नोकर नव्हेत, तर विद्यापीठांतील संशोधकच. बहुधा वर्षातून तीनदा ते जमतात. प्रत्येक अर्ज साधारणतः तिघांकडे आधीच वाचावयास दिलेला असतो. त्यांनी दिलेल्या प्राथमिक गुणांवरून खालचे सुमारे निम्मे अर्ज चर्चेलाच घेतले जात नाहीत. उरलेल्यांवर दहा-पंधरा मिनिटे चर्चा होते. मग प्रत्येक सभासद गुप्तपणे १ ते ९ मधील एक आकडा देतो. येथे १ हा सर्वोत्तम, हे आपल्या पहिला नंबर काढणाऱ्या मंडळींना सोपे जाईल. सर्वांची सरासरी काढून तिला दहाने गुणतात. ज्याचा अर्जदाराशी हितसंबंध आहे, त्या सभासदाला त्या चर्चेपुरते बाहेर जावे लागते. त्यानंतर दुसरी पायरी सल्लागार मंडळाची. त्यात एक तृतीयांश सभासद शास्त्रज्ञ नसलेले, समाजाचे प्रतिनिधी असतात.

मीही अशा छाननीच्या कामाला बसलो आहे. कोणत्या संस्थेसाठी, कोणत्या वर्षी, कोणते अर्ज, हे मी सांगणार नाही. तसे वचन मी लिहून दिले आहे. स्वतःविषयी मात्र सांगण्यास मला कोणाची मनाई नाही.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकत होतो. लेखी परीक्षेत मी एक क्रमांक होतो. गुण चांगले पडत. तोंडी परीक्षेला दार लोटलेले असे, आणि आत परीक्षक पहिला प्रश्न विचारीत, "पूर्ण नाव?" मी नाव सांगितले. त्यांनी आडनाव पुन्हा उच्चारावयास लावले. मग गाव विचारले, वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि शेवटी यकृताविषयी एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मी बरोबर दिले. उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले, त्याहून एकही अधिक नाही. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांजवळ याच गोष्टीची स्वतःची प्रत असेल. त्या दिवसापासून दाराआड होणाऱ्या परीक्षेचा मला तिटकारा आहे.

आणि तोच मी, अनेक वर्षांनी, टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसलो होतो. एक अर्ज वाचून त्याच्या जमेच्या बाजू मी लिहून काढल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःचेच लिखाण वाचताना ध्यानी आले की पहिली जमेची बाजू मी लिहिली होती ती अशी: 'संस्था नामांकित.' प्रयोगाच्या आराखड्यात एक ढोबळ उणीव होती, ती मी चार शब्दांत उरकली होती. त्याच गठ्ठ्यातील एका अप्रसिद्ध महाविद्यालयाच्या अर्जातील तशाच उणिवेवर मी अर्धे पान खर्ची घातले होते. मला कोणी काही सांगितले नव्हते. कोणाचे आडनावही मी पाहिले नव्हते, असे मी शपथेवर सांगू शकेन. पण संस्थेचे नाव पाहिले होते, आणि त्या परीक्षकाने माझे आडनाव जसे ऐकले तसेच ते पाहिले होते. मी दोन्ही टिपणे फाडून पुन्हा लिहिली. त्यापूर्वी किती वेळा असे झाले असेल आणि माझ्या ध्यानी आले नसेल, याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

हा केवळ माझा दोष नाही, हे सांगणारा पुरावा आता उपलब्ध आहे. तो प्रथम स्वीडनमधून आला. तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छाननीतील गुण क्रिस्तीन वेनेरोस आणि अग्नेस वोल्द या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी मागितले. परिषदेने नकार दिला. सरकारी कागद नागरिकांस पाहू देण्याची त्या देशाची परंपरा १७६६ पासूनची आहे; या बायांनी तिच्या आधारे न्यायालयाकडून कागद मिळविले. त्यांचा लेख १९९७ साली 'नेचर'मध्ये आला. पुरुषाइतकी गुणवत्ता मान्य होण्यासाठी स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावे लागत होते. आणि समितीत ओळखीचा माणूस असला, तर तो स्वतः गुण देत नसूनही इतर सभासद त्याच्या ओळखीच्या अर्जदाराला झुकते माप देत होते. म्हणजे माणूस खोलीबाहेर गेला तरी त्याची खुर्ची आत बोलत होती.

या देशात २०११ साली 'सायन्स'मध्ये एन.आय.एच.च्या सुमारे ८३ हजार अर्जांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वेतवर्णीयांच्या तुलनेत अनुदान मिळण्याचे प्रमाण आशियाई अर्जदारांत ४ टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीयांत १३ टक्क्यांनी कमी होते. शिक्षण, लेख, संस्था इत्यादी सर्व गोष्टींची वजावट करूनही कृष्णवर्णीयांच्या बाबतीत १० टक्क्यांची तफावत उरली. अर्जदाराचा वर्ण परीक्षकांना कळविला जात नाही, हे लक्षात घ्या. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात आढळले की तफावतीचा वीस टक्क्यांहून अधिक भाग विषयाच्या निवडीचा आहे: समाजाच्या, वस्तीच्या आरोग्यावरचे विषय समित्यांना कमी भावतात. ज्याने वस्ती पाहिली आहे तोच वस्तीवर संशोधन करू इच्छितो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

पुढे एक प्रयोग झाला. अर्जांतील नावे आणि संस्था झाकून ते पुन्हा परीक्षकांकडे दिले. २०२१ साली निष्कर्ष आले: तफावत जवळजवळ निम्मी झाली. पण ती कृष्णवर्णीयांचे गुण सुधारल्याने नव्हे, तर श्वेतवर्णीयांचे थोडे उतरल्याने. हा निष्कर्ष मी दोनदा वाचला. अन्याय म्हणजे कोणाला तरी खाली ढकलणे, असेच मी आजवर समजत आलो होतो. येथे कोणी कोणाला ढकलले नव्हते. काही जणांना नावाचे व्याज मिळत होते, इतकेच. 'संस्था नामांकित' हे माझे शब्द त्याच व्याजाचे होते.

जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या अर्जांसाठी एन.आय.एच.ने छाननीची पद्धत बदलली आहे. संशोधकाची पात्रता आणि संस्थेची साधने यांना आता वेगळे गुण नाहीत. ती पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच लिहावयाचे. एकंदर गुणांत मात्र त्यांचा विचार होतोच. याचा उपयोग किती होतो, ते काही वर्षांनी आकड्यांत दिसेल.

आता मुलांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. समितीच्या सभासदांची यादी बैठकीपूर्वी जाहीर होते, ती वाचावी. मंजूर झालेल्या प्रत्येक अनुदानाचे शीर्षक, सारांश आणि रक्कम लोकांना पाहता येते, तीही वाचावी. मोठ्या संशोधन-अनुदानासाठी, ज्याला आर-०१ म्हणतात, अर्जदार या देशाचा नागरिक असण्याची अट नाही, हे आपल्या पुष्कळ मुलांना ठाऊकच नसते. आणि अर्ज चर्चेला आला नाही तरी तिघांचे लेखी अभिप्राय अर्जदाराला मिळतात. माझा स्वतःचा पहिला अर्ज चर्चेला आला नव्हता. ते अभिप्रायाचे कागद मी चार महिने खणात ठेवून दिले होते. उघडून वाचले तेव्हा तिघांपैकी एकाने संपूर्ण आराखडा दुरुस्त करून दिला होता, असे आढळले. त्या अनामिक माणसाचे आभार मानण्याची सोय या व्यवस्थेत नाही.

आज सभागृहात अशी दोन-तीन मुले आहेत, ज्यांचे कागद अद्याप खणात आहेत, असे त्यांच्या आयांनी मला सांगितले आहे. जेवणानंतर मी मागच्या टेबलापाशी चष्मा घेऊन बसणार आहे. कागद घेऊन यावे. आईवडिलांनी त्या वेळी तेथे थांबू नये, ही विनंती.

जयभीम.