घरातील ऊब : विजेचे हीटर आणि कोळशाची शेगडी



नांदुऱ्यात उभे राहून हीटरविषयी बोलणे मे महिन्यात कोणी ऐकून घेतले नसते. परंतु वऱ्हाडातील पौष-माघाच्या रात्री बोचऱ्या असतात, आणि याच दिवसांत अनेक घरांत वेचलेला कापूस भावाची वाट पाहत खोलीत रचलेला असतो. हीटर निवडताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

लाल तापणाऱ्या दांड्यांचा हीटर समोरच्या माणसाला थेट ऊब देतो. पंख्याचा हीटर खोलीतील हवा तापवितो. तेल भरलेला रेडिएटर सावकाश तापतो व बंद केल्यावरही काही वेळ उबदार राहतो. यांपैकी अमुक प्रकार निम्म्या विजेत तेवढीच ऊब देतो, असे विक्रेता सांगेल. ते खरे मानू नये. १००० वॅटचा कोणताही हीटर अखंड एक तास चालला की एक युनिट वीज खर्ची पडते आणि उष्णताही तेवढीच मिळते. २००० वॅटचा हीटर रोज तीन तास लावल्यास महिन्याचे १८० युनिट होतात.

फरक पडतो तो घरामुळे. टिनपत्र्याच्या, फटी असलेल्या घरातून तापलेली हवा निघून जाते. तेथे पंख्याचा हीटर व्यर्थ होय, दांड्यांचा बरा. स्लॅबच्या बंद खोलीत थर्मोस्टॅट असलेला रेडिएटर सोयीचा, कारण त्यात लालबुंद दांडी उघडी नसते. कापसाच्या खोलीत मात्र यांपैकी एकही नको. तेथे गोधडीच श्रेष्ठ.

२००० वॅटचा हीटर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यापंख्यासाठी बसविलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावल्यास वायर आतून तापते. १६ अँपिअरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवेच.

आता शेगडीविषयी. बाळंतिणीला शेक देण्याची आपली रीत जुनी आहे व तिच्यामागे माया आहे. परंतु वारा लागू नये म्हणून खोली बंद केली जाते, तेथेच घात होतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनच्या सुमारे दोनशे पटींहून अधिक ओढीने तो रक्ताला चिकटतो. डोके जड होते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर जागही येत नाही. शिक्षक व पंचायत सदस्यांनी हे घरोघरी सांगावे. शेक देताना खिडकी उघडी असावी, आणि आई-बाळ झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात नेलेली असावी.