टीव्हीपुढचे विणकाम



चिटणीसबाईंनी विणकामावर दोन शब्द बोलावयास सांगितले, म्हणून उभी आहे.

२०१२ साली झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई यांच्या संसाराची ती कथा. रोज रात्री मी लोकर-सुया घेऊन टीव्हीपुढे बसत असे. नुसते सुलट टाके असले म्हणजे हात आपोआप चालतात. दोन सुलट, दोन उलट ही काठाची वीणही सवयीने जमते. बगलेशी टाके कमी करावयाचे ते मात्र जाहिराती लागल्यावरच करावे. आणि मालिकेत लग्नकार्य असेल तर मुळीच नको. लक्ष सारे नऊवारीच्या काठांकडे जाते!

रमाबाईंचे लग्न १८७३ साली, अकरा वर्षांच्या असताना झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी रात्री शिकवावे आणि घरातल्या बायकांनी दिवसा टोचून बोलावे. ते पाहताना माझे हात थांबत. रिकाम्या हातांनी बसलेली बाई आपल्याकडेही कोणाला खपत नाही. मांडीवर लोकर असली की कोणी काही म्हणत नाही. आपल्या धाराशिवात थंडी ती किती दिवसांची! तरी आमच्या घरी आठ स्वेटर झाले, ते कशामुळे, हे ध्यानात आले असेलच.

मालिका संपल्यावर मी रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचे पुस्तक मागवले. पुस्तक धरले की विणता येत नाही. घरात चार दिवस कुरकुर झाली, मग थांबली. ते पुस्तक मी मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावे.