बेने इस्रायलांचा मराठी ठेवा

(बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



२०२४ साली आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे राजे लखुजी जाधवांच्या समाधीचे जतनकार्य चालू असताना भूमीतून शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती प्रकट झाली. त्या वेळी आपणा सर्वांचा ऊर भरून आला. दगड शेकडो वर्षे मातीत पडून राहिला तरी नाहीसा होत नाही. आज मात्र मला अशा एका ठेव्याविषयी बोलायचे आहे, जो जमिनीखाली एक पिढीसुद्धा टिकत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल ज्यूंची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. अलिबागनजीक नवगावच्या दफनभूमीत त्याचे स्मारक उभे आहे. या मंडळींनी तेलाचे घाणे चालविले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. गावकऱ्यांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. युरोपात ज्यूंच्या वस्त्या जाळल्या जात होत्या त्या शतकांतही येथे ते निर्धास्तपणे केहीमकर, दिवेकर, अष्टमकर, राजपूरकर झाले. आपण हे अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच.

परंतु आसरा दिला एवढे सांगून आपले कर्तव्य संपते काय? या समाजाने मराठीत काय निर्माण केले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या पुरीम या सणाला ते होळीचा सण म्हणत. नववर्षाला नव्याचा सण. एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा होतो. नववधूच्या गळ्यात मंगळसूत्र येते. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी चक्क कीर्तने सुरू केली! अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने, साकी, दिंडी, ओवी अशा आपल्या वृत्तांत. नारदीय कीर्तनाची परंपरा हिब्रू कथेला इतकी सहज सामावून घेते, हे मला स्वतःला फार हृद्य वाटते.

आणि १८७४ चा तो ग्रंथ! वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा 'हगादा' पुण्यात हिब्रू व मराठीत निघाला. कोठे छापला? विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडील बायकांप्रमाणे जमिनीवर बसलेल्या आहेत. अग्निहोत्र्यांच्या छापखान्यातून ज्यूंचे धर्मपुस्तक निघाले. पण त्याची प्रत आज पाहावयाची तर परदेशातील ग्रंथालयांकडे किंवा लिलावांच्या सूचींकडे वळावे लागते.

जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमने काय केले पाहा. कोचीच्या मट्टनचेरीतील कडवुंभागम सिनेगॉगचा अंतर्भाग त्यांनी नेला, दुरुस्त केला आणि १९९५ साली मांडला. त्याच वर्षी भारतातील ज्यूंच्या जीवनावर त्यांनी मोठे प्रदर्शन भरविले. लाकडी छत व कोरीवकाम तेथे जतन झाले याचा आनंद आहे. मात्र संग्रहालय वस्तू सांभाळते. तिच्याभोवतीची बोली सांभाळणे फार अवघड असते.

मुंबईत चित्र वेगळे नाही. मांडवीतील शारे राहामीम, म्हणजे 'दयेचे द्वार', हे १७९६ साली सॅम्युएल एझिकेल दिवेकरांनी बांधले. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेपोटी ते बांधले असे सांगतात. काळा घोड्याजवळील क्नेसेत एलियाहू हे १८८४ चे सिनेगॉग २०१९ मध्ये सुरेख दुरुस्त झाले. वास्तू वाचतात, कारण त्यांना निधी मिळतो. कीर्तनाची चाल म्हणणारी आजी मात्र निधीने वाचत नाही. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला, आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आत उरला. तेथे गेल्यावरही त्यांच्या ज्यू असण्याविषयी शंका घेतल्या गेल्या; १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली, ती संघर्षानंतर. तरीही त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. स्वतःच्या भाषेसाठी एवढी तळमळ कोणी दाखवावी? विदर्भात राहणाऱ्या आपण, की वाळवंटात गेलेल्या त्यांनी?

ज्यू समाज स्मृती जपण्यात जगात अग्रेसर आहे. तरी त्यांचाही हा मराठी धागा विरळ झाला. मग आपली स्थिती काय असेल? सिंदखेडराजाचा वाडा, लोणारचे दैत्यसूदन मंदिर, मेहकरचा बालाजी यांची नोंद होत राहील. पण जात्यावरच्या ओव्या, पोळ्याच्या झडत्या, गावच्या भजनी मंडळाची हस्तलिखित वही, देशमुखी-पाटीलकीचे मोडी कागद यांची नोंद कोण करणार? काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात एका घरी मी मोडीचे रुमाल पाहायला गेलो. घरमालक अतिशय सज्जन. म्हणाले, "दिवाळीच्या सफाईत गेले हो, उंदरांनी खाल्ले होते." त्यांचा दोष मी मानत नाही, ते कोणाकडे द्यावेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा एवढेच करा. घरातील आजीला आज विचारा, तिला कोणत्या ओव्या येतात, आणि त्या तिच्याच उच्चारात लिहून घ्या. 'वऱ्हाडी अशुद्ध आहे' म्हणून त्या सुधारू नका. मोडीचा गठ्ठा असेल तर कागदांच्या घड्या सावकाश उघडा, वाळवी लागली आहे का ते पाहा, आणि मोडी वाचणारी व्यक्ती शोधण्याआधी तो कोरड्या जागी ठेवा.